माळवदावरचं स्टेशन

आमचे हे लढाईवर गेले तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्यांची पत्रं मामंजींच्या नावानं यायची आणि मामंजी ती ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचे. माझ्या वाट्याला शेवटची ‘घरी सर्वांस नमस्कार’ एवढीच ओळ. त्या सर्वांत मी, सासूबाई आणि दोन म्हशी. मला त्याचा भारी राग यायचा.

मामंजी येडशीच्या बाजूला छोट्या गाडीच्या एका स्टेशनवर सांधेवाले होते, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलणारे. घर स्टेशनच्या मागंच. हे त्याच फलाटावर लहानाचे मोठे झालेले. एका पत्रात त्यांनी लिहिलं, ‘इकडे नुसती वाळू आहे. डोळे मिटून आपलं स्टेशन आठवायला जातो, तर अर्धंच दिसतं. एक फोटो पाठवावा.’ हे मामंजींनी दोनदा वाचलं. फोटो पाठवायचाच, हे मी तिथंच ठरवून टाकलं.

मामंजींनी धाराशिवचा फोटोग्राफर बोलावला. त्यानं ऐकून हातच जोडले.

“काका, लढाई चालू हाय. स्टेशनचा फोटो काढायला बंदी हाय. ठाण्याचे अमीनसाहेब मला आत टाकतील.”

“मग मी घरात स्टेशन करते, त्याचा काढा,” मी दाराआडून म्हणाले. महालक्ष्म्यांपुढची माझी आरास बघायला चार गावांच्या बायका यायच्या. त्याचा थोडा ताठा माझ्या अंगात होताच.

जुन्या दाराच्या फळीवर मी कामाला लागले. ज्वारीच्या ताटांच्या सालीचे रूळ, मातीचा फलाट, रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचं इंजिन. शेपूच्या वाळलेल्या तुऱ्यांची झाडं केली, ती हुबेहूब बाभळी दिसायला लागली. मामंजी ड्युटीवरून आले की पागोटं न उतरवताच फळीपाशी बसायचे. “हितं पाण्याचा हौद पायजे. हितं घंटा. आन हे खांब असे सरळ कुठं असत्यात गं? तिसरा वाकडा हाय.” घरात कधी माझ्याशी दोन शब्द न बोलणारा माणूस आता सारखा बोलत होता. स्टेशनच्या नावाची पाटी त्यांनी स्वतः लिहिली, खऱ्या पाटीसारखी उर्दूतसुद्धा.

पहिला फोटो अंगणात काढला. आठवड्यानं छापून आला आणि माझं तोंड उतरलं. ते उघड उघड पोरांचं खेळणं दिसत होतं. मागं आमची सारवलेली भिंत, इंजिन चकाचक, आणि रुळांतली खडी तर धोंड्यांएवढी.

“चूक माझी हाय, वहिनी,” फोटोग्राफर म्हणाला. “म्या वरून काढला. माणूस काय झाडावर बसून स्टेशन बघतो व्हय? फलाटावर उभा ऱ्हातो. कॅमेरा तितका खाली पायजे. आन मागं आभाळ पायजे. पन फोटोची काच आता एकच उरली हाय, लढाईमुळं मिळत न्हाय.”

एकच काच! मी पुन्हा सगळं उपसलं. वाळू पिठाच्या चाळणीनं दोनदा चाळली. इंजिनाला काजळी आणि राख चोळून त्याची चमक मारली. कापूस पिंजून, त्याला काजळी लावून धूर केला. सासूबाई आतापर्यंत नाक मुरडत होत्या. त्या दिवशी त्या कात कालवून आल्या आणि फळीवरच्या स्टेशनच्या भिंतीला कोपऱ्यावर काडीनं ठिपके देत बसल्या. “पानाच्या पिचकाऱ्या न्हाईत आन म्हणं स्टेशन!” फलाटावर मी मातीची माणसं ठेवली होती, ती मात्र फोटोग्राफरनं उचलायला लावली, तोंडावरून खोटेपणा कळतो म्हणून. सांधेवाला तरी पायजेच म्हणून मामंजी हटून बसले. शेवटी हातात झेंडी घेतलेला एकच माणूस पाठमोरा उभा केला. “सारी नोकरी हितं केली आन माझी पाठ दाखवता,” असं म्हणत ते दोन दिवस फुगून होते.

मग फळी घराच्या सपाट छतावर, माळवदावर चढवली. तिघांनी कशी चढवली ते आमचं आम्हाला ठाऊक. सकाळचं तिरपं ऊन होतं, कडेला फळी, मागं खरं आभाळ आणि लांब डोंगराची रेघ. फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालून पालथा पडला. वारा सुटला होता, म्हणून सासूबाई आणि मी लुगडं आडवं धरून उभ्या. “आता कुणी हलू नगा,” तो म्हणाला. मी श्वाससुद्धा घेतला नाही.

हा फोटो आला तेव्हा मामंजींनी तो उजेडात धरला, लांब धरला, जवळ धरला. “गाडी लेट हाय वाटतं,” एवढंच म्हणाले. मला आनंदानं नाचावंसं वाटलं. हे माळवदावर केलेलं स्टेशन आहे, अशा दोन ओळी लिहून त्याच दिवशी तो पाकिटात घालून पोस्टात टाकला.

पुढं तीन महिने पत्र नाही. पोस्टमन दिसला की मी दारात यायची. आलं तेव्हा मामंजी चष्मा पुसून वाचायला बसले.

‘फोटो मिळाला. आमच्या पलटणीत गोंधळ झाला. स्टेशनचा फोटो बाळगतो म्हणून साहेबानं मला उभं केलं. हे घरी केलेलं खोटं स्टेशन आहे म्हणून सांगितलं, कोणाला पटेना. साहेबानं भिंग लावून पाहिलं आणि एकदम हसत सुटला. फलाटावर एक मुंगळा चालला आहे. वासराएवढा! माझी सुटका झाली.’

“मुंगळा?” मामंजी कडाडले. “एवढं सगळं करून मुंगळा दिसला न्हाय कुणाला?” मी पदरात तोंड लपवलं. माझीच चूक होती ती.

“फुडं वाचा की,” सासूबाई म्हणाल्या.

‘स्टेशन पूर्ण आठवलं. कोणी काय केलं असेल तेही ओळखलं. फलाट मातीचा, गाडी पत्र्याची. पण तो मुंगळा आपल्या माळवदावरचा, खरा. घरचा एवढाच जीव मला इथं भेटला. रोज त्याला बघूनच झोपतो.’

 मग मामंजी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि मूठ मिटून बाहेर आले ते थेट शिडीकडं.

“अवो, रेशनची साखर हाय ती! कुठं निघालाव?” सासूबाई ओरडल्या.

ते वर चढत राहिले. मी पळत जाऊन खाली शिडी धरली.