सुमनताईचे जंत

मुलुंडहून निरोप आला तेव्हा मी घाटकोपरच्या शाळेत वर्गावर होते. माझी सख्खी थोरली बहीण, सुमनताई, चौथ्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. मी धावतपळत इस्पितळात पोचले, तर तिच्या सासूबाई नर्सला विचारत होत्या, "मुलगा होता की मुलगी?" आधी हे. सून कशी गेली, ते नंतर... बाळ मुलगा होतं की मुलगी, ते मी इथे सांगणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. ताईबद्दल चांगलंच लिहिणार आहे. उरलेल्यांना मात्र सोडणार नाही.

ताई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. कत्तलखान्यातून डुकरांच्या आतड्यांतले गोल जंत बरणीतून यायचे, लांब, पांढरट, जाड शेवयांसारखे. ते चिरून ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली की जेवणाची शुद्ध नसायची. लग्नानंतर मात्र सासूबाईंचा नेम लागला: घरी आल्यावर मागच्या दारच्या नळावर आंघोळ, मगच स्वयंपाकघरात पाऊल. ताई हसून करायची. "अगं, माझ्यापेक्षा ते जंत सुखी," म्हणायची.

पहिली मुलगी झाली, दुसरी झाली. तिसरीही मुलगीच झाली तेव्हा घरात शोध लागला: ही दिवसभर किड्यांत हात घालते, म्हणून मुली होतात! हसू नका. शिकलंसवरलं, कचेरीत जाणारं घर ते. भाऊजींनी फर्मावलं, नोकरी सोड.

त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिथेच होते. सासूबाईंनी सगळ्यांदेखत किड्यांचा विषय काढला आणि ताई उसळली. "ते किडे काय सांगतात, ऐकायचंय? मादीच्या प्रत्येक अंड्यात गुणसूत्रांचे काही जास्तीचे धागे असतात. नराच्या बीजांत मात्र निम्म्यांत असतात, निम्म्यांत नसतात. धागे असलेलं बीज लागलं तर मादी, नसलेलं लागलं तर नर. माणसाचे बारकावे वेगळे, पण निवाडा तिथेही बापाच्या बीजाचाच. तो त्याच्या हातात नसतो, मान्य. पण माझ्या तर नाहीच नाही!"

कोपऱ्यात एक मालवणी आजी होती. मुलगा होईना म्हणून नवऱ्याने तिच्यावर दुसरी बायको आणलेली. ती हळूच म्हणाली, "म्हणजे गो, माज्यार सवत फुकटच हाडल्यान?"

भाऊजी बाहेरच्या खोलीत ऐकत होते. त्यांनी ताईला पुन्हा कॉलेजात पाऊल टाकू दिलं नाही. पुढे डॉक्टरांनी बजावलं, आता बाळंतपण नको, जिवावर बेतेल. ऐकतील तर शपथ! "एकदाच बघू," म्हणाले. त्या एकदात माझी ताई गेली. आणि तेराव्याला हेच गृहस्थ पाहुण्यांना सांगत होते, "तिच्या नशिबी मुलगा नव्हता हो." तिच्या!

तिन्ही भाच्या आता माझ्याकडे आहेत. थोरलीकडूनच कळलं, बाबा अंधेरीला मुलगी बघायला निघालेत. मग मीही गेले. पोहे नुकते समोर आले होते. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं, जंतांपासून इस्पितळापर्यंत, एक शब्द गाळला नाही. भाऊजी ओरडले, "वेडी आहे ही!" त्या मुलीने त्यांच्या पुढ्यातली पोह्यांची बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

ताईचा प्रयोगशाळेतला पांढरा कोट माझ्या खुंटीवर आहे. कितीही धुतला तरी त्याचा उग्र वास जात नाही, आणि मुली त्यातच तोंड खुपसून बसतात... परवा मी तो अंगात घालून पाहिला. अगदी मापात बसतो. भाऊजी, बोरिवलीचं एक स्थळ आलंय म्हणे तुम्हाला. जरूर जा. मी कोट घालून येते.