ठाऊक हाय, का वाटतंय?

जुनं बेअरिंग हातात आलं की आप्पा ते कानाजवळ नेऊन फिरवायचे आणि गिऱ्हाइकाला विचारायचे, "ठाऊक हाय, का वाटतंय?"

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. दुकानाच्या पाटीवर नाव दुसऱ्याचं, गिऱ्हाईक मात्र याच्यासाठी येतं. बेळगावातल्या आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ते माझ्या सासऱ्यांच्या काळापासून काउंटरला उभे. मी डिप्लोमा करून आलेली, कॅटलॉग जवळजवळ पाठ. त्यांनी तो कधी उघडलेला मी पाहिला नाही.

निपाणीकडचे गुऱ्हाळवाले उसाच्या चरकाचं बेअरिंग घ्यायला यायचे, लोड साधाच आहे म्हणायचे. आप्पा विचारत, ऊस किती, चरक किती तास चालतो, पाणी उडतं का. आणि मग तो प्रश्न. वडगावचा एक यंत्रमागवाला एकदा वैतागला.

"आप्पा, बेअरिंग देतासा का साक्ष घेतासा?"

"साक्षच. मोडलं तर शिव्या मलाच देशील न्हवं?"

पुढं त्यांना कमी ऐकू येऊ लागलं आणि मी धास्तावले. हा माणूस घरी बसला तर दुकान कुणाच्या भरवशावर चालवायचं? भाचीकडून कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम करून घ्यायचं ठरवलं: तो प्रश्न विचारणार, उत्तरांवरून बेअरिंगचा नंबर सुचवणार. दुपारी आप्पा सांगत, मी नियम लिहून घेई. प्रत्येक उत्तरापुढं दोन चौकटी त्यांनीच मागितल्या, 'ठाऊक' आणि 'वाटतंय'. 'वाटतंय' जास्त झाले तर नंबर द्यायचा नाही, 'जाऊन बघा' एवढंच सांगायचं. यानं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल म्हणून मी भांडले. ते हलले नाहीत.

शेवटी आवाजाचे नियम राहिले. कसा आवाज आला की ग्रीस संपलंय, कसा आला की गोळ्या झिजल्यात. ही तर त्यांची खास विद्या. आप्पांनी एक बेअरिंग कानाशी धरलं, बराच वेळ फिरवलं आणि खाली ठेवलं.

"ह्या सगळ्या म्होरं 'वाटतंय' लिवा, आक्का."

मी म्हटलं, तुम्हाला तर ठाऊक आहे.

"हुतं. दोन वर्सं झाली, आवाजाचं अंदाजानंच सांगतोय."

ते बोलले नसते तर मला कधीच कळलं नसतं. त्यांचा अंदाज मी नियम म्हणून लिहून ठेवला असता आणि लोकांची यंत्रं त्यावर चालली असती. तेव्हा मी नुसतं सगळ्यांपुढं 'वाटतंय' लिहिलं. आभार मानायचे राहिले ते राहिलेच. गेल्या वर्षी कंग्राळीला, त्यांच्या घरी, आप्पा वारले.

काल जवळच्याच गावचा एक गुऱ्हाळवाला चरकाचं बेअरिंग घेऊन आला. ऊस तोडून पडलाय, लगेच नंबर सांगा म्हणाला. मी ते कानाजवळ नेऊन फिरवलं. काहीतरी खरखरलं. नंबर ओठांवर आला होता. मी कॉम्प्युटरवर 'वाटतंय'च्या चौकटीत टिचकी मारली आणि चरक स्वतः जाऊन बघायला स्कूटरची किल्ली उचलली.