पाइपाच्या दुसऱ्या टोकाला

"रहीमभाई, जिले दुसरा मानूस लागत नाई, अशी स्प्रिंग हाये का तुमच्याकडे?"

अब्दुल रहीम यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अशी स्प्रिंग निंगाली असती त नत्थुजी, मी आंधी माह्या नोकरायलेच घरी धाडलं असतं."

नत्थुजी हसले नाहीत. एरवी अकोल्याच्या या दुकानात आले की सामान राहायचं बाजूला आणि थट्टाच जास्त चालायची. मग रहीमभाईंच्या लक्षात आलं, आणि त्यांनी मान खाली घातली. नत्थुजींच्या घरच्या मातीला ते स्वतः गेले होते.

नत्थुजी पातूरचे वायरमन. भिंतीतल्या पाइपातून वायरी न्यायच्या तर आधी एका टोकातून स्प्रिंग ढकलावी लागते. ती दुसऱ्या टोकाला निघाली की तिथं तिला वायरी बांधायच्या आणि इकडून ओढून घ्यायच्या. एकानं ओढायचं, एकानं सोडत राहायचं. काम दोघांचं. नत्थुजींचं दुसरं माणूस म्हणजे त्यांची बायको, कौशल्या.

तेही ठरवून झालं नव्हतं. कामावरचा आधीचा जोडीदार पुण्याला कंपनीत गेला, त्याच आठवड्यात ती कामावर डबा घेऊन आली. नत्थुजी म्हणाले, "वर जाय अन् पाइपाच्या तोंडच्या डब्बीपाशी जराशी उभी राह्य." उभी राहिली ती राहिलीच. भिंतीला कान लावून सांगायची, "अवो, वळनावर अडली. मांगं घ्या थोडी. हां... आली, आली! ओढा आता!" गावातले लोक चिडवत, नत्थुजी घरात मुके अन् भिंतीतून बायकोशी बोलतात. ते खोटंही नव्हतं. घरी दोघांत बोलणं व्हायचं ते भाजीतल्या मिठावरून.

पोळ्यामागून तिला ताप आला. कपाशी फुटेपर्यंत ती गेली.

"मानूस ठेवा ना एखादा," रहीमभाई म्हणाले.

"ठेवून पाह्यला. त्याचं ध्यान मोबाईलात. स्प्रिंग आलेली नसे अन् थो म्हने, आली."

"मंग जुनी काय झाली?"

"मुडपली."

कशी मुडपली ते त्यांनी सांगितलं नाही. मंजुषाताईंच्या घरी काम होतं. नत्थुजी एकटेच खालून ढकलत होते आणि सवयीनं वरून हाक यायची वाट पाहत होते. हाक येईना म्हणून ढकलतच राहिले. वरच्या खोलीत स्प्रिंग कधीच बाहेर निघाली होती. भिंतीवरच्या नव्या टीव्हीला ओरखडा पाडून ती जमिनीवर वेटोळं घालत गेली, आणि पलंगाखाली अडकून मुडपली. मंजुषाताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "काका, एसीची एकच लाइन राह्यली. मंगळवारी जमलं त पाहा. नाई त मी अकोल्याचे पोट्टे बोलावते. तुमी आता आराम करा."

आराम हा शब्द नत्थुजींना शिवीसारखा लागला. आराम करून बसायचं कुठं? त्याच घरात?

रहीमभाईंनी दोन गुंडाळ्या काउंटरवर टाकल्या. "हे नायलॉनची. मऊ हाये, वळनं पटकन घेते. पन लांब पाइपात आतल्या आत गोया होते, मंग तिकडून सांगनारं कोनी लागते. अन् हे लोखंडाची पट्टी. ताठ हाये, सरकत जाते. पन चालू लाइनच्या पाइपात नोका घालू बरं."

"पाइप रिकामा हाये."

बोलता बोलता रहीमभाईंनी पट्टीचं तोंड बाजूच्या लोखंडी डब्बीवर टेकवलं. टण् असा आवाज झाला. नत्थुजींनी मान वर केली.

"आनखी एकदा ठोका बरं."

रहीमभाईंनी ठोकलं.

"आता नायलॉनची."

नायलॉनच्या तोंडाचा फुसका आवाज आला.

"नत्थुजी, स्प्रिंग घेऊन राह्यले का घंटी?"

"लोखंडाची बांधा," नत्थुजी म्हणाले.

मंगळवारी सकाळी ते घरून निघाले तेव्हा मांडणीवरचं एक ताट त्यांनी काढून घेतलं. लग्नात कौशल्याच्या मामानं दिलेलं, काठावर मामाचंच नाव टोचलेलं. त्यात दुसरं कोणी जेवलेलं कौशल्याला चालत नसे. आताही कोणी जेवत नव्हतं. नत्थुजी आपलं ताट धुवून पुसून ठेवत, आणि हे बाजूला पालथंच असे.

मंजुषाताईंनी पिशवी पाहिली. "काका, ताट कायले? जेवता का इथंच?"

"जेवाले नाई, ऐकाले आनलं."

वरच्या खोलीत पाइपाच्या तोंडासमोर त्यांनी ते सुतळीनं खिळ्याला टांगलं. खाली आले आणि नवी पट्टी पाइपात घातली. पहिलं वळण गेलं. दुसऱ्याला हाताला जड लागलं, तेव्हा मागं घेऊन पुन्हा रेटली. आणि तोंडातून निघून गेलं, "आली का वं?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मंजुषाताई तिथंच उभ्या राहिल्या. नत्थुजींना लाज वाटली, मग लाजेचाच राग आला, आणि त्यांनी दात आवळून आणखी हातभर ढकलली.

टण्.

हात थांबला. ताट वर थोडा वेळ वाजत राहिलं, मग थांबलं. ओढा, असं कोणी म्हटलं नाही.

नत्थुजी गुडघ्यावर हात ठेवत जिना चढले. वायरी पट्टीला बांधल्या, सरकाव्यात म्हणून पावडर लावली, जमिनीवर सरळ पसरल्या. खाली येऊन ओढू लागले. हातभर आल्या आणि अडल्या. वर जाऊन सोडवल्या, पुन्हा खाली आले. पुन्हा अडल्या.

मंजुषाताई चहा घेऊन जिन्यापाशी आल्या. "काका, मी उभी राहू का वर?"

"नोको बाई. तुमाले नाई समजाचं."

मग जरा नरमले. "चहा ठेवा तिथं," म्हणाले आणि पुन्हा जिन्याला लागले.