कुंड्यांमधले चिनी गुलाब

नेकनूरला माझं बी-बियाणांचं दुकान आहे आणि कुठलं बी कधी पेरायचं, हे मी अख्ख्या पंचक्रोशीला सांगतो. (फुकट सांगतो. न विचारताही सांगतो.) त्यामुळे घरी बियांपासून चिनी गुलाब फुलवणं म्हणजे माझ्या हातचा मळ!

चिनी गुलाब म्हणजे जाड, रसरशीत पानांचं, जमिनीलगत पसरणारं आणि उन्हातच फुलणारं झाड. पाकीट फोडलं, तर आत बी कसलं, तपकीरच! ‘वाळू मिसळलेली माती घ्या,’ असं वर छापलं होतं. मला छापणाऱ्याची कीव आली. मी आमच्या शेतातली, शेणखत घातलेली काळीभोर माती आणून गच्चीवरच्या कुंड्यांत भरली आणि बी पेरलं.

थोड्याच दिवसांत कुंड्या हिरव्यागार! लालसर देठ, गुबगुबीत पानं! युरियाला आलेल्या माणसालाही आधी गच्ची दाखवल्याशिवाय मी सोडेना.

“अवो, महालक्ष्म्यांपर्यंत फुलं येतील ना?” बायको सुनंदा रोज विचारायची. “औंदा आरास घरच्या फुलांची, असं समद्या बायांना सांगून बसलेय मी. न्हाई आली तर तोंड दाखवायला जागा न्हाई!”

“येतील म्हंजे? गुलाबी, केशरी, लाल! बी कोणी लावलंय?”

सणाच्या तोंडावर एक फूल आलं. पिवळं. मोहरीएवढं.

“हे नमुन्याचं हाय,” मी म्हणालो. “मोठी मागून येतात.”

महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी सकाळी मी ताट घेऊन गच्चीवर गेलो, तर कुंड्या भुंड्या!

“सुनंदा! चोरी झाली!”

मी धडाधड खाली आलो. दिंद्रुडला बहिणीकडं राहून आदल्याच संध्याकाळी परतलेली माझी आई चुलीपाशी निवांत बसली होती.

“वरडतो कावून? नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, एक कमी पडत हुती. गच्चीवर घोळाची भाजी लई माजलीय, ती खुडून आणली.”

“माय, ते चिनी गुलाब हायत!”

आईनं टोपलीतली एक काडी उचलून माझ्या नाकासमोर धरली. “सोयाबीनातलं तण हाय हे. ह्याला मारायचं औषध तूच इकतोस ना?”

म्हणजे चिनी गुलाब उगवलेच नव्हते. शेतातल्या मातीबरोबर आलेलं तण मी खतपाणी घालून पोसलं होतं! मदतीला आलेल्या शेजारणी दारातच थबकल्या. सुनंदाकडं बघायची माझी छाती होईना. पण पहिली तीच हसली, अशी हसली की पदर तोंडात कोंबून खाली बसली. मला इतकं हायसं वाटलं की झेंडूची फुलं आणायला मी अनवाणीच पळालो.

पंगतीत बायांनी तीच भाजी मागून मागून खाल्ली. “घरची हाय, ह्यांनी लावलेली,” सुनंदा प्रत्येकीला वाढताना सांगत होती. मीही दोनदा घेतली. खोटं कशाला बोलू, झकास झाली होती.

बातमी मात्र माझ्याआधी दुकानात पोचली. आता तणनाशक न्यायला आलेला शेतकरी बाटली हातात घेतो आणि गंभीर चेहऱ्यानं विचारतो, “मालक, फवारू का कुंडीत लावू?”