हॉलमधला लग्नचौक

माझं दुसरं लग्न पहिल्याच नवऱ्याशी, आमच्याच हॉलमध्ये, रविवारी सकाळी साडेदहाला, कला-उत्सव समितीच्या तीन सभासदांसमोर लागलं. सभासदांना लग्नाचं आमंत्रण नव्हतं. ते लोगो बघायला आले होते.

मी बोईसरला लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करते. भावी नगरसेवकांच्या गॉगलवर चमक मारावी तर मीच! पण पालघरच्या कला-उत्सवाची समिती माझ्याकडे आली, लोगो, पोस्टर, कमान, बिल्ले सगळं एका धाटणीचं हवं म्हणाली, आणि मला चक्क रडू आलं. इचलकरंजीहून सून म्हणून इथे आल्यापासून मी अशाच कामाची वाट बघत होते. नमुना पसंत पडला तर गॉगल सुटणार होते, नाही पडला तर जन्मभर गॉगल. समिती रविवारी बारा वाजता घरी येणार होती.

कॉम्प्युटरमधली तयार वारली चित्रं मला नको होती (ती हल्ली चहाच्या कपावरही असतात). भिंतीवर खरा गेरू, खरं तांदळाचं पीठ आणि त्याचा फोटो पोस्टरवर, असा माझा बेत. आमच्याकडे भाजी आणणारी मंजुळाबाई डोंगराकडच्या पाड्यावरून येते. तिच्या भाचीच्या लग्नात घरातल्या भिंतीवर बायकांनी चौक लिहिला होता, मधोमध देवी आणि भोवती नक्षीची चौकट. त्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होताच. तो मी जसाच्या तसा हॉलच्या भिंतीवर उतरवला, कोणाला विचारलं-बिचारलं नाही. शिवाय भोवती माझ्या मनाने चौदा नाचणारी माणसं घातली. बुधवारी काम संपलं. सासरे, म्हणजे अण्णा, पेपर बाजूला ठेवून म्हणाले की घराला आता घरपण आलं.

गुरुवारी सकाळी नाचणाऱ्यांतल्या एकाला डोकं नव्हतं.

नवरा, महेश, म्हणाला की काढायलाच विसरली असशील, परवा आमटीत मीठ विसरलीस तशी. मी मुकाट्याने डोकं काढलं. शुक्रवारी सकाळी बघते तर तीन माणसं बिनडोक्याची! पुसल्याचा डाग नाही, ओघळ नाही. मान जागच्या जागी आणि वर कोरा गेरू. अण्णांनी ती बोटाने मोजली आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, आपणही घरात तीनच आहोत."

त्या दिवसापासून अण्णा भिंतीकडे पाठ करून बसेनात. टीव्हीच्या बातम्या ते स्वयंपाकघरातून नुसत्या ऐकायला लागले. महेश फर्स्ट शिफ्ट करून आला की भिंतीकडे न बघता खांद्यावरची बॅग काढायचा आणि दोनदा तर ती त्याने खुंटी सोडून हवेतच अडकवली. मी हसत होते, पण खरं सांगते, मला भर दुपारी भीती वाटायची. वीज गेली, पंखा थांबला की हॉल अंधारायचा, बाकीचं चित्र गेरूत बुडायचं आणि पांढरी देवी तेवढी दिसत राहायची. शनिवारी सात डोकी गेली होती. जात होती तीही रांगेने, बाहेरच्या कडेकडून आत, देवीच्या दिशेने.

शनिवारीच मंजुळाबाई आली. उंबऱ्यातून तिने भिंत बघितली, पाटी खाली ठेवली आणि डोक्यावर पदर घेतला.

"बाय, हा त लग्नाचा चौक हाय. नवरी कुठं हाय?"

"नवरी नाही. हा लोगो आहे."

"चौक लिवला म्हंजे देवीला बोलावलं. घरात लगीन नाय, मंग ती कोनाला बघाया आली?"

अण्णांनी स्वतःची मान चाचपून बघितली. मी विचारलं, पुसून टाकू का? तर मंजुळाबाई म्हणाली, घरी आलेल्या देवीला फडक्याने पुसतात काय. एकच उपाय, कोणाचं तरी लगीन लावायचं. आता आमच्या घरात लग्नाचं कोण? अण्णा विधुर. ते म्हणाले माझं आता काय राहिलंय (आणि आरशापुढे जाऊन भांग पाडून आले). शेवटी त्यांनीच फर्मान काढलं की तुम्ही दोघं परत उभे राहा. महेश कळवळून म्हणाला, "परत?" हा एक शब्द मी त्याला अजून विसरू दिलेला नाही.

बारा वाजता समिती, म्हणून साडेदहाला लग्न. कपाटातून मुंडावळ्या निघाल्या. अंतरपाट म्हणून पलंगावरची चादर. तिचं एक टोक अण्णांकडे, दुसरं मंजुळाबाईकडे. अण्णांना मंगलाष्टक अर्धंच येत होतं, ते त्यांनी तीनदा म्हटलं. तिसऱ्या खेपेला दारात समितीचे अध्यक्ष उभे! पालघर जिल्ह्यात समिती वेळेच्या आधी आल्याचं मी तरी पहिल्यांदाच बघितलं. अण्णांनी तिघांच्या हातात अक्षता दिल्या. आता हातात अक्षता आल्यावर मराठी माणूस दुसरं काय करणार? त्यांनी टाकल्या.

मग चादर खाली आली आणि सगळ्यांना भिंत दिसली. चौदाच्या चौदा माणसं बिनडोक्याची नाचत होती.

समितीतल्या बाईंनी संकल्पना विचारली. मुंडावळ्या सावरत मी म्हणाले, "कलेचा आनंद डोकं बाजूला ठेवून घ्यावा." अध्यक्ष वनस्पतिशास्त्राचे निवृत्त मास्तर. त्यांनी चष्मा भिंतीला टेकवला.

"पिठात काय कालवलंत?"

"डिंक," मी म्हणाले. मंजुळाबाईने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे... डिंक संपला होता. साखरेचा पाक घातला."

सरांनी बोट दाखवलं. लाल गेरूवरून लाल मुंग्या चालल्या होत्या, प्रत्येकीच्या तोंडात पांढरा कण. अंग म्हणजे नुसत्या बारीक रेघा. पिठाचा जाड ठिपका काय तो डोक्याचा, म्हणून आधी डोकी. सगळे पोट धरून हसले. मग सर देवीपाशी गेले. तेच पीठ, तोच पाक, सगळ्यात जाड थर तिथेच. तिच्यावर एक मुंगी नव्हती, एक कण गेलेला नव्हता. सरांनी पुन्हापुन्हा बघितलं, चष्मा खिशात घातला आणि प्यायला पाणी मागितलं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मंजुळाबाईला विचारलं, हे लिहितं कोण? ती म्हणाली, आमी बायकाच लिवतो, पन चौक कमानीवर नाय यायचा. नाच लिवू, शेत लिवू, ताडाची झाडं लिवू. कामाचं तिथल्या तिथे ठरलं, तिचं आणि पाड्यावरच्या बायकांचं. मी मुंडावळ्या सोडून हातात घेतल्या. झालं ते बरोबरच होतं, म्हणून तक्रारही करता येईना. सर म्हणाले, तुम्हीही यात आहात बरं का.

आहे ना. कमान, पोस्टर, बिल्ले, सगळ्यांवर मंजुळाबाईचा हात आहे. उत्सवाची ओळख घडवण्यात माझ्याकडे तांदूळ वाटण्याचं खातं आलंय, आणि मी वाटलेलं पीठ भिंतीला लावण्याआधी मंजुळाबाई दर वेळी त्यात बोट बुडवून चाखून बघते.