बंबात गेलेला पगार

आई मेलबर्नला आली की माझ्या घरी विनिमय दरही मुक्कामाला येतो. दुधाची बाटली असो की माझा हेअरकट, ती आधी छप्पनने गुणते आणि मग मान हलवते. आमच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात पहिल्यांदा कॉफी घेतली तेव्हा, "तीनशे रुपये? बदाम घातलेत का यात?" असं तिने अख्ख्या दुकानाला ऐकवलं होतं.

मागच्या शनिवारी शेजारच्या म्हाताऱ्याने जुनं सामान ड्राइव्हवेवर मांडून विकायला काढलं. घासाघीस करायला मिळणार म्हणून आई खुशीत. मी बरण्या बघत होतो, तेवढ्यात ती बिस्किटांच्या एका डब्यापाशी थबकली. आत जुन्या नोटा होत्या. रुपयांच्या, पण राजाचं डोकं नाही की नंबर नाही. नुसती ताडाची झाडं.

म्हातारा सांगू लागला, त्याचे वडील युद्धात ब्रह्मदेशात जपान्यांचे कैदी होते. जपान्यांनी तिथे स्वतःच रुपये छापून वाटले. पुढे इंग्रज परत आले आणि त्यांनी ते सगळे रद्द केले. "वर्थलेस, मेट," तो हसत म्हणाला. "टू बक्स ईच."

आई विकायला ठेवलेल्या खुर्चीतच मटकन बसली.

तिचे वडील रंगूनच्या सरकारी खजिन्यात कारकून होते. युद्ध संपल्यावर पुण्याला परतले ते ट्रंकेत अशा नोटांचा गठ्ठा घेऊन. तीन वर्षांचा पगार! कुठलीच कचेरी तो बदलून देईना. सरकारने रद्द केला, असं आजोबा सांगत. आजीला ते कधीच पटलं नाही. खरा पैसा जुगारात उडवला आणि हे नाटकातले कागद आणले, असं तिचं ठाम मत. आई आठ वर्षांची असताना आजीने तिलाच तो गठ्ठा बंबात घालायला लावला. आजोबा दारात उभे होते. तेव्हापासून आमच्याकडे कुणी थाप मारली की 'रंगूनचा पगार' म्हणायची पद्धत पडली. मीही लहानपणापासून म्हणत आलोय.

"बाबा खरं बोलत होते रे," आई म्हणाली आणि रडायलाच लागली. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मग तिने पर्समधून दहा डॉलर काढून म्हाताऱ्याच्या हातावर ठेवले, एकच नोट उचलली आणि उठली. सुटे परत घेतले नाहीत. "नो वरीज," असंही त्याला म्हणाली.

घराकडे येताना तिला जरा हसवावं म्हणून मी म्हटलं, "आई, दोन डॉलरची वस्तू तू साडेपाचशे रुपयांना घेतलीस."

तिने नोट दोन्ही हातांत धरली होती.

"मी जाळलं ते केवढ्याचं होतं," ती म्हणाली, "ते गुण आधी."