माफ केलं, पण नळ सोडला नाही

या वर्षी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, सकाळी नळाला पाणी सुटलं तेव्हा, आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका विधवा बाईचा उजवा हात मनगटात मोडण्यात आला. कोणी मोडला ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. गाव मुखेड आणि अहमदपूरच्या मधलं. याहून जास्त सांगत नाही, कारण नावं लिहू नकोस असं तिनंच मला बजावलंय. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो.

वस्तीतला नळ कोरडा पडला होता म्हणून ती चौकातल्या नळावर गेली. नळ ग्रामपंचायतीचा, कुणाच्या बापाचा नाही. घागर अर्धी भरली तेवढ्यात समोरच्या घरातला माणूस आला. त्यानं घागर लाथेनं उडवली. ती उचलायला वाकली तर मनगट धरून पिरगळलं.

दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून ती एसटीनं उपासनेला आली. डाव्या हातात झावळी होतीच.

आमची मंडळी लहान, पत्र्याच्या छताची. पण मायेचं काम करायला कुणी मागं हटत नाही. दर बुधवारी महिला संघ सरकारी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना डबे नेतो. भाकरी मावशीच्या. ती थापायला बसली की बाकीच्या बाया नुसत्या चूल बघतात. उपासनेत गाणं संपलं की ज्याला वाटेल त्यानं उठून साक्ष द्यायची, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, हीसुद्धा आमची रीतच. त्या रविवारी मावशी उठली. म्हणाली, "त्या माणसाला मी माफ केलं. प्रभूनं माझ्या मनातला जाळ काढला." सगळे रडले. उपासना तरुण संघाच्या फोनवरून थेट दिसतेच. संध्याकाळपर्यंत तिची साक्ष कबुतराचं चित्र लावून लातूरपासून नांदेडपर्यंत फिरली. खाली आमेन, आमेन, आमेन.

सोमवारी आम्ही ठाण्यात गेलो. मावशी, मंडळीचे पाळकसाहेब आणि मी. मी लातूरला वकिली शिकते आणि मंडळीची पत्रकं लिहिते. जमादारानं अर्धा जबाब लिहून घेतला. मग त्याचा फोन वाजला, त्यानं काहीतरी उघडलं आणि स्क्रीन मावशीसमोर धरली.

"बाई, ही तुमीच ना?"

"हाव, मीच."

"माफ केलं म्हणून राहिलात. मग हितं कामून आलात?"

मावशीनं गळ्यात बांधलेला हात त्याच्यापुढं केला.

"अन् ख्रिस्ती झालात म्हणता. मग ॲट्रॉसिटी कुठून लागणार? ताई, तुमी वकिली शिकता ना, सांगा त्यांना."

काय सांगणार? कायदा असाच आहे. दाखल्यावर ती अनुसूचित जातीची, पण ख्रिस्ती झाली की कायद्याला तिची जात दिसेनाशी होते. नळावरून हाकलणाऱ्याला मात्र ती चांगली दिसली होती.

"मारहाणीचा तरी घ्या," मी म्हणाले. "हाड मोडलंय."

"घसरल्या असतील. नळावर शेवाळ असतंय." आणि त्यानं पेन खिशाला लावलं.

बाहेर चहाच्या टपरीवर पाळकसाहेबांनी ओळखीच्या वकिलाला फोन लावला. वकील म्हणाला, सोपं आहे, बाईंनी म्हणायचं की मी तिथं फक्त गाणी ऐकायला जाते, धर्म काही बदललेला नाही. पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हणून टाका मावशी. देव समजून घेईल."

मावशी हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. "साहेब, बाप्तिस्म्याला तुमीच मला तळ्यात बुडवलंत. नाकात पाणी गेलं तर म्हणलात, घाबरू नका मावशी. अन् आता कोरडी हो म्हणता व्हय?"

पाळकसाहेब चहाचे पैसे द्यायला उठले. मला मात्र राग आला होता, आणि तो मी तिच्यावरच काढला. "मग माफी तरी मागं घे. दुसरी साक्ष दे. म्हण, माफ केलं नाही."

"न्हाई गं बाय. माफ केलं ते खरंच हाय. रोज रात्री त्याच्या नावानं जळत बसले असते तर मीच मेले असते. पर माफ केलं म्हंजे नळ सोडला, असं कुठं म्हणले मी? बघ की तुझ्या फोनात. म्हणले का?"

मी बघितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती तसं कुठंच म्हणाली नव्हती.

नंतर मंडळीच्या पंचांची बैठक झाली. माझ्या पत्रकातला 'अन्याय' खोडून तिथं 'अडचण' लिहिलं गेलं. मोर्चा नको, उपासाची प्रार्थना ठेवू, असं ठरलं. मी ओरडले, तेव्हा महिला संघाच्या बाईंनी मला जवळ बसवलं. "मोर्चा निघाला आणि उद्या कुणी उठून म्हणालं की ह्या बाया डब्यातून धर्म वाढतात, तर दवाखान्याचं फाटक आपल्याला बंद. मग त्या लेकरांच्या आयांना कोण खाऊ घालील? तू?" उपाशी बायांचा घास आणि एका बाईचं पाणी, यांतलं एकच निवडा असं कुणीतरी आम्हाला सांगितलंय, आणि आम्ही मान खाली घालून निवडत बसलोय. मला याचीच चीड येते.

तेव्हापासून मी ठाण्यात जाते. साहेब बंदोबस्ताला असतात. साहेब जेवायला गेलेले असतात. मावशीचं प्लास्टर निघालं, पण मनगट वाकडंच बसलं. भाकरीला दोन्ही हात लागतात. बुधवारी ती आता कोपऱ्यात बसून लसूण सोलते. वस्तीच्या नळाला अजून पाणी नाही. शेतातल्या विहिरीवरून डाव्या हातानं कळशी आणते, वाटेत तीनदा टेकवते, निम्मी सांडते.

गेल्या बुधवारी लसूण सोलता सोलता म्हणाली, "मंगळवारी जाणार हाय मी. बाजार असतोय, समदं गाव चौकात असतंय."

"कुठं?"

"नळावर. दुसरं कुठं?"

"मावशी, दुसरा हात मोडतील."

"मोडतील," ती म्हणाली, आणि पाकळी ताटलीत टाकली.

मी तिला अडवू शकले नाही. पंचांकडे गेले. ते म्हणाले, त्या दिवशी आम्ही प्रार्थनेत राहू. पाळकसाहेब म्हणाले, मी येतो. म्हणजे आम्ही तिघं. समोर अख्खा चौक.

म्हणून हे पत्रक. या वेळी मी ते कुणाला तपासायला दिलेलं नाही. ज्यांनी ज्यांनी तो व्हिडिओ पाहून खाली आमेन लिहिलं, त्यांना हे सांगते. तुमच्या आमेननं तिचा जबाब बुडवला. येत्या मंगळवारी सकाळी मंडळीच्या दारात या. घरातली एक रिकामी घागर आणा. पहिल्या एसटीनं आमच्याबरोबर गावात चला, आणि मावशीची घागर भरेपर्यंत तिच्यामागं रांगेत उभे राहा.